येसराची तक्रार

बोरवस्ती, ता. गंगापूर
३ सप्टेंबर २०१८

मुनूताईस सरूबाईचा नमस्कार.

डब्याचं झाकण काढल्यावर येसराच्या आधी कागद हाती लागला म्हणून घाबरू नका. मालात खोट नाय. तुमचं नाव मृण्मयी हाय हे मला ठाव हाय, पण लिवताना पेन अडखळतो, म्हणून मुनूताई. राग मानू नका. सातवीपत्तुरच शिकले मी.

फोन सोडून कागद कशाला, म्हणाल. फोन घरात एकच, तो मालकांच्या खिशात. कुणाचाबी आला की ते आवाज मोठा करून मधी ठेवतात. चोरून ऐकायचा स्वभाव नाय त्यांचा, सवय हाय. पण मला जे बोलायचंय त्यातलं एक नाव या घरात घ्यायची चार वर्सं झाली बंदी हाय. म्हणून डबा बरा. तो मालक सोताच खांद्यावर घेऊन बन्सीच्या जीपपत्तुर आणून देतात, पण झाकण कधी उघडत नायत. बायकांच्या मसाल्यात बघायचं काय, म्हणतात.

नाव मोनिका. माझी लेक, एकुलती. २०१४ ला तिचं लगीन ठरलं. आमच्याकडं लग्नाच्या आधी पाच सवाष्णी जात्याला हळदकुंकू लावून येसर दळतात. गहू, डाळ, धने, खोबरं, सगळं येगयेगळं भाजून. त्याची आमटी झाल्याबिगर वऱ्हाडाला जेवल्यासारखं वाटत नाय. तर तो येसर दळून झाला, डबा भरला, अन् सहाव्या दिवशी पोरगी घरातून गेली. सिल्लोडच्या जिनिंगवर कामाला असलेल्या पोरासंगं. पोरगा वाईट नव्हता म्हणतात, पण जात आमची नव्हती. मालक म्हणले, "आजपासून या घरात तिचं नाव निघालं की मी निघालो समज." तवापासून नाव नाय. लग्नाचा येसर वरीसभर तसाच राहिला. मग जनावरांच्या आंबोणात घातला.

तुमी मागं वस्तीवरच्या एका लग्नात माझ्या हातची आमटी तीनदा मागून घेतली, अन् हा धंदा काढला. तुमी म्हणता जाहिरात देशभर जाती. मग अशी द्या की तिला दिसंल. तिचं नाव नको. फकस्त पुड्यावर करणारीचं नाव टाका. सरूबाई बोरवस्तीकर म्हणलं तरी तिला कळंल. ती पुण्याकडं हाय म्हणतात, कुणी सुरत म्हणतं. मला बाकी काय नको.

सरूबाई


सिडको, औरंगाबाद
१० सप्टेंबर २०१८

सरूबाई मावशी, नमस्कार.

तुमचं पत्र क्रांती चौकात जीपशेजारी उभ्या उभ्याच वाचलं. बन्सी म्हणाला, "ताई, डब्यात झुरळ निघालं का?" असा माझा चेहरा झाला असणार.

तुमचं नाव पुड्यावर येणार. 'सरूबाईंचा येसर, बोरवस्ती'. खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं. माझ्या सासूबाई, दमयंतीबाई, म्हणतात तसं मला बँकेतली नोकरी सोडायचं तेवढं सुचलं.

आता जाहिरातीचं सांगते. दुष्काळी भागात एकाच विहिरीवर भिस्त ठेवत नाहीत ना, तसंच यात आहे. फेसबुकवर आपलं पान आहे, इन्स्टाग्रामवर फोटो टाकते, व्हॉट्सअॅपवर जुन्या गिऱ्हाइकांची यादी आहे. कुणी गूगलवर 'येसर' म्हणून शोधलं तर आपलं नाव वर यावं यासाठी वेगळी खटपट. शिवाय महिन्यातून एक ईमेल, पेपरात घालून वाटलेली पत्रकं आणि आता शहानूरमियाँ दर्ग्याकडच्या दहा रिक्षांच्या पाठीवर फलक. एकातून नाही तर दुसऱ्यातून माणूस येतो. पुष्कळदा तो फलक बघतो, विसरतो, मग फोटो बघतो आणि तिसऱ्या वेळी कुठं मागवतो.

कुठली विहीर किती भरतेय ते कळावं म्हणून मागणीच्या फॉर्मवर एक प्रश्न ठेवलाय: 'आमच्याबद्दल कुठून समजलं?' उत्तरं मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते. त्याच फॉर्मवर 'घरपोच हवं' आणि 'स्वतः येऊन घेणार' असे दोन चौकोनही आहेत. दुसऱ्यावर आजवर एकानंही खूण केलेली नाही. लोक सिडकोतून सिडकोत घरपोच मागवतात. तो चौकोन काढूनच टाकणार आहे.

मावशी, एवढं मोठं जाळं टाकतेय, तुमची लेक त्यात येईलच. थोडा धीर धरा.

तुमची,
मृण्मयी


बोरवस्ती
२४ सप्टेंबर २०१८

मुनूताई,

जाळं म्हणू नका. ती काय मासा हाय.

तुमची पानं, फोटो सगळं बन्सीकडून समजून घेतलं. ईमेल त्यालाबी सांगता आला नाय. मी इचार केला की यातलं मोनिका काय बघंल. पेपर ती कधी वाचत नव्हती. रिक्षाच्या पाठीकडं तिचं ध्यान नसायचं, चालताना तोंड आभाळात. पण रेडिओ तिच्या उशाशी असायचा. गाणं लागलं की भाकर करपली तरी चालंल. तर रेडिओचं का नाय करत तुमी?

अन् आचाऱ्यांना धरा. लग्नात जेवणारा माणूस पत्रक वाचत नाय, आमटी पितो. तुमालाबी मी तशीच घावले की नाय?

तो सोता येऊन घ्यायचा चौकोन काढू नका. असू द्या. कुणाला यावंसं वाटलं तर?

इकडं बाकी ठीक. पाणी हाय.

सरूबाई


सिडको
१४ नोव्हेंबर २०१८

मावशी,

दिवाळी पावली. तुमच्या दोन्ही सूचना ऐकल्या आणि दोन्ही लागू पडल्या. रेडिओवर पंधरा दिवस सकाळी आपली ओळ वाजली. आणि बीड बायपासला जी नवी मंगल कार्यालयं उभी राहिलीत तिथले तीन आचारी आता आपलाच येसर वापरतात. जेवून उठलेली माणसं हात धुता धुता विचारतात, हा कुठं मिळतो. मंदार, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "सातवी शिकलेल्या बाईनं तुझ्या एमबीएला पाणी पाजलं." मी म्हटलं, पाजू दे, इथं नळाला तसंही चार दिवसांनी येतं.

तुम्ही विचारता म्हणून गावं लिहिते. पुणे, नाशिक, लातूर, सोलापूर, ठाणे, हैदराबाद, सुरत एक, इंदूर दोन. सुरतेच्या गृहस्थांना मी मुद्दाम फोन केला. ते सत्तरीचे निघाले, मूळचे वैजापूरचे. फोनवर रडले. पण त्यांच्या ओळखीत मोनिका कुणी नाही.

एक गंमत सांगते. मी सगळ्या गिऱ्हाइकांची खाती पाडलीत: फेसबुकवाले, रेडिओवाले, आचाऱ्यांकडचे. एका बाईनं 'कुठून समजलं?' या प्रश्नापुढं लिहिलंय, 'शेजारच्या काकूंनी वाटीभर आमटी दिली.' ही बाई माझ्या एकाही खात्यात बसेना. शेवटी 'इतर'मध्ये टाकली.

मृण्मयी


सिडको
२० डिसेंबर २०१८

मावशी,

डिसेंबरच्या डब्यासोबत चिठ्ठी नव्हती. उगाच कागद शोधत बसले. बऱ्या आहात ना?

एक छोटी तक्रार आलीय, कळवायला हवी. 'इतर'वाल्या त्याच बाईंची. लिहितात, 'या वेळी गहू जास्त भाजलाय. दुसऱ्याच कुणाचा हात लागलाय. करणाऱ्या बाईंना बरं नाही का?' बाकी कुणाचीही तक्रार नाही. मी 'क्षमस्व, पुढच्या वेळी काळजी घेऊ' असं उत्तर पाठवलं. काही माणसांना उगाच चौकशा असतात. तरी भाजणीकडं जरा लक्ष द्या.

मृण्मयी


बोरवस्ती
२४ डिसेंबर २०१८

मुनूताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मग गोठ्यात जाऊन आणखी एकदा वाचलं.

मला ताप होता. नऊ दिवस. तुमाला कळवलं नाय, डबा चुकला तर तुमची अडचण व्हईल म्हणून. गहू मालकांनी भाजला. जल्मात पयल्यांदा चुलीपुढं बसले. गहू तडतडला की उतरवायचा असतो, त्यांनी लालभडक केला. दळल्यावर मला तर काय फरक वाटला नाय. तीन आचाऱ्यांना वाटला नाय, तुमाला वाटला नाय.

ती बाई कुठली हाय? नाव काय? तिनं काय लिवलंय ते जसंच्या तसं, एकबी शब्द न गाळता उतरवून पाठवा. लवकर.

सरूबाई


सिडको
३ जानेवारी २०१९

मावशी,

तक्रार जशीच्या तशी मी मागच्या पत्रात लिहिलीच होती. गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता मात्र मला देता येत नाही. रागावू नका. लोक विश्वासानं पत्ता देतात, तो दुसरीकडं गेला की धंदा संपला. बँकेतही आम्ही सख्ख्या भावाला खात्याची माहिती देत नव्हतो.

आणि एका तक्रारीचं एवढं मनावर घेऊ नका. एवढ्या पुड्यांमागं एक तक्रार म्हणजे काहीच नाही. आता बरं वाटतंय का? त्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि तक्रारीबद्दल सात. काकांनी येसर भाजला म्हणता? माझ्या सासऱ्यांना, तात्यासाहेबांना, हे वाचून दाखवलं. ते पेपरामागं गेले ते बाहेरच आले नाहीत.

मृण्मयी


सिडको
२२ फेब्रुवारी २०१९

सरूबाई मावशी,

आज जरा कडक लिहिणार आहे.

जानेवारीच्या मालात धने इतके होते की आमटी हिरवट झाली. त्यानंतरच्या डब्यात खोबरंच नव्हतं. गेल्या आठवड्यातल्या डब्यातली डाळ कच्ची. तुम्हाला एकदा विचारलं तर 'बघते', दुसऱ्यांदा विचारलं तर चिठ्ठीच नाही. फोन केला तर काका म्हणाले, "सगळं ठीक हाय, ती चुलीपाशी हाय."

ठीक काहीच नाही. फेसबुकच्या पानावर आपल्याला पाचपैकी पावणेपाच चांदण्या होत्या, आता साडेतीन आहेत. आचारी पुंडलिकरावांनी डबा परत पाठवला. पुण्याच्या एका मोठ्या दुकानाशी माझं बोलणं चाललं होतं. त्यांनी नमुना मागवला आणि कळवलं, 'चव एकसारखी नाही.' मी दहा वाटांनी माणसं दारापर्यंत आणते हो. पण आत येऊन त्यांना चव मिळाली नाही तर तीच माणसं दहा वाटांनी बदनामी घेऊन जातात. चांगल्यापेक्षा वाईट लवकर पोचतं.

ती 'इतर'वाली बाई तर प्रत्येक वेळी लिहितेच. जानेवारीतलं तर मी तुम्हाला तेव्हाच चिठ्ठीनं कळवलं होतं, 'धने ओंजळीनं मोजायचे असतात. कुणाची ओंजळ मोठी झालीय का?' मग, 'खोबरं विसरलं कसं? घरात काही काळजी आहे का?' आणि काल, 'डाळ कच्ची आहे. पोटात दुखेल. मुद्दाम करताय का?' एवढ्या तक्रारी करते आणि पुन्हा मागवते. मला या बाईचं काही कळत नाही.

मावशी, काय चाललंय ते मला खरं सांगा. पाण्याची अडचण आहे का? माणूस कमी पडतंय का? मी या धंद्यासाठी पगार सोडलाय. घरात रोज ऐकून घेते. तुम्हीच साथ सोडलीत तर मी काय करू?

मृण्मयी


बोरवस्ती
२७ फेब्रुवारी २०१९

मुनूताई,

खरं सांगते. येसर मीच बिघडवला. तिन्ही वेळा. हातानं, ध्यानात ठेवून.

ती मोनिका हाय. 'धने ओंजळीनं मोजायचे' हे माझं बोलणं हाय. मी तिला शिकवलं, सात-आठ वर्सांची होती तवा. गहू जास्त भाजलेला तिलाच कळतो, ल्हानपणी कढईतला गरम गहू उचलून खायची अन् जीभ पोळून घ्यायची. पयली तक्रार वाचली तवाच मी वळखलं. दुसऱ्याचा हात लागला हे चार वर्सांनी, तेबी पुड्यातल्या पिठावरून कुणाला कळतंय? अन् बरं नाय का असं कोण इचारतंय?

मग मी काय केलं. पुढचा डबा चांगला केला असता तर ती गप बसली असती. चांगल्याला कोण काय लिवतं? खाल्लं, वाटी धुतली, झालं. बिघडवला तर ती बोलंल, हे मला कळलं. म्हणून धने जास्त टाकले. तुमचा कागद आला अन् त्यात तिचं बोलणं आलं. चार वर्सांनी लेक माझ्यावर खेकसली. मला इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्यांदा खोबरं टाकलं नाय.

तुमच्या चांदण्यांचं मला कळलं नाय. तुमचं नुकसान व्हतंय हे समजत होतं, पण मी तिकडं पाठ केली. खोटं कशाला बोलू. तुमचा पगार, तुमच्या सासूचं बोलणं, सगळं मला ठाव होतं, तरी मी केलं. माफी मागते. आता तुमी दुसरी बाई बघा म्हणलात तरी माझं काय म्हणणं नाय. फकस्त एक सांगा. त्या सिल्लोडच्या पोराचं आडनाव गाडेकर. तिनं तेच लावलंय का?

डाळ कच्ची ठेवायला नको होती. तिच्या पोटात दुखलं असंल.

सरूबाई


सिडको
२ मार्च २०१९

मावशी,

गाडेकर आहे. नावाच्या जागी नुसतं 'एम.' लिहिलेलं आहे.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, खूप. मग संध्याकाळी भाजी परतताना रडू आलं. माझी आई मी दहावीत असताना गेली. तेव्हापासून माझ्या स्वयंपाकाला हक्कानं नावं ठेवणारं कुणी राहिलं नाही. सासूबाई ठेवतात, पण ते वेगळं.

मीही कमी चुकले नाही. तीन महिने तुमची लेक माझ्या कागदावर बोलत होती आणि मी तिला 'क्षमस्व' पाठवत होते. सगळ्या जगाला मी विचारत होते, कुठून समजलं, कुठून समजलं. ती सांगत होती तर मी तिला 'इतर'मध्ये टाकली.

तिचा फोन नंबर माझ्याजवळ आहे. मी लावलेला नाही आणि पत्ताही तुम्हाला देत नाही. आता हे धंद्यासाठी नाही. तक्रारीच्या आडून बोलायचं असं तिनं ठरवलंय, तर तिचा आडोसा मी काढू नये असं वाटतं. पण तुमची चिठ्ठी तिच्या पुड्यात घालणं माझ्या हातात आहे. गिऱ्हाइकाला पुड्यात काय घालून द्यायचं हा माझा अधिकार. तेव्हा एक चांगला डबा करा, तुमच्या हाताचा. आणि त्यात तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवा. मी वाचणार नाही.

दुसरी बाई बघत नाही. चांदण्या पुन्हा जमवू.

मृण्मयी


बोरवस्ती
१० मार्च २०१९

मुनू पोरी,

आता तुला अहोजाहो करवत नाय.

डबा पाठवलाय. असा येसर मी तिच्या लग्नाचा केला होता, त्यानंतर आज. पाच सवाष्णी मिळाल्या नायत. निम्मी वस्ती उसतोडीला अन् तुमच्या शेंद्र्याच्या कंपन्यांत गेली. औंदा गावात एकबी लगीन नाय. शेजारच्या मुक्ताबाईला बोलावलं, दोघींनीच जात्याला कुंकू लावलं. पयलं मूठभर जात्यावर, बाकीचं गिरणीत.

चिठ्ठी वाचली तरी चालंल. चार पानं लिवली होती, फाडली. मग एवढंच लिवलं: 'मी बरी हाय. तवा ताप होता, गहू तुझ्या वडलांनी भाजला होता. तुझं काय?' आणखी काय लिवणार. रागव म्हणावं? ये म्हणावं? ये म्हणायचा हक्क माझ्याकडं नाय, तो ज्यांच्याकडं हाय ते नाव घेऊ देत नायत.

तुला खोटं बोलले होते. पाणी नाय. हीर तवाच आटली होती. टँकर येतो आठ दिसातून एकदा. जनावरं चाराछावणीवर नेलीत, मालक तिकडंच असतात. डबा द्यायला तेवढे येतात.

पुडा कवा पोचंल ते कळव.

सरूबाई


सिडको
२० एप्रिल २०१९

मावशी,

पुडा १६ मार्चला पोचला. तिनं सही करून घेतला. तुम्ही बन्सीबरोबर चार वेळा निरोप पाठवलात, आणि मी चारही वेळा 'अजून काही नाही' म्हटलं. आजही तेच आहे. तक्रार नाही, मागणी नाही. माझी रोजची सकाळ तो फॉर्म उघडून बघण्यातच जाते. इन्स्टाग्रामवर तुमच्या हातांचा फोटो टाकला, जात्याच्या खुंट्यावरचा. सगळ्यांना आवडला. तिनं बघितला की नाही कळायला मार्ग नाही. माझ्या सगळ्याच विहिरींना या एका माणसापुरतं पाणी नाही.

पुंडलिकराव आचारी परत आले. म्हणाले, "हा असला पाहिजे." पुण्याच्या दुकानानंही होकार दिलाय. तुम्हाला हे सांगताना आनंद व्हायला हवा होता.

मृण्मयी


बोरवस्ती
४ मे २०१९

मुनू,

चुकलं माझं. चांगला करायला नको होता. बिघडवलाच असता तर 'डाळ कच्ची हाय' एवढं तरी बोलली असती. चांगला झाला म्हणून गप बसली. की चिठ्ठीत वडलांचं नाव काढलं म्हणून?

दिसभर दारात बसते अन् मनात बोलते तिच्यासंगं. भाकर थापताना, टँकरच्या रांगेत. रांगेत तर हंड्याशी बोलते असं मुक्ताबाई म्हणती. तिचा आवाज आता नीट आठवत नाय मला. लेकराचा आवाज आईला आठवू नये, असं कुणाचं होऊ नये बाई. चेहरा आठवतो, पण तो चार वर्सांमागचा. आता कशी दिसत असंल?

पुण्याच्या दुकानाचा माल मी करीन. शबुद दिलाय तो मोडणार नाय. पण या महिन्यात नको. चुलीपुढं बसवत नाय.

सरूबाई


सिडको
३० मे २०१९

मावशी,

हे पत्र रिकाम्या डब्यात घालून बन्सीच्या हाती देतेय. त्याला बजावलंय की गंगापूरला न थांबता थेट तुमच्या वस्तीवर जायचं. डब्यात माल नाही एवढंच त्याला कळलं, तो विचारतोय हा कसला धंदा.

आज सकाळी मागणी आली. एम. गाडेकर. मी फॉर्म जसाच्या तसा उतरवते, एकही शब्द न गाळता.

किती हवा: वाटीभर.
कुठून समजलं: आईच्या चिठ्ठीवरून.
काही सूचना: गहू कुणीही भाजला तरी चालेल.

आणि मावशी, तिनं 'घरपोच'वर खूण केलेली नाही. 'स्वतः येऊन घेणार'वर केलीय. तारीख ९ जून लिहिलीय.

मी शेवटी फोन लावला. म्हटलं, आमचा पत्ता सिडकोचा आहे, क्रांती चौकातून रिक्षा मिळते. ती म्हणाली, "सिडकोला नाय ताई. जिथं करतात तिथं येते." मग विचारलं, "वडील घरी असतील का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. ते आता तुम्हालाच बघायचंय.

आवाज तुमच्यासारखाच आहे. 'नाय' अगदी तसंच म्हणते.

मृण्मयी


बोरवस्ती
५ जून २०१९

मुनू पोरी,

तुझा कागद आला तवा मालक छावणीवरून आलेले, भाकर खात बसले होते. मी इचार केला, चोरून किती दिस. त्यांच्या पुढ्यात बसले अन् मोठ्यानं वाचला. वाटीभरपासून ते वडील घरी असतील का, इथपत्तुर. मोनिका हे नाव दोनदा घेतलं. एकदा वाचताना अन् एकदा उगाच.

त्यांनी भाकर ठेवली. हात धुतला, तेबी तांब्यातलं घोटभरच पाणी घेऊन. पायात वहाणा घातल्या अन् निघाले. मला वाटलं, बोलल्यापरमाणं निघाले. मी हाक मारली नाय. दारात बसून ऱ्हायले. मुक्ताबाई येऊन बसली.

दिस मावळताना आले. गंगापूरहून गव्हाची गोणी खांद्यावर. ती चुलीपाशी उतरवली. जनावरं छावणीवर कुणाला तरी सांगून आलेत एवढं कळलं.

आज सकाळी उठून बघते तर चूल पेटलेली, कढई वर, अन् हे पुढं बसलेले. गहू तडतडून गेला तरी हलवतच होते. मी म्हणलं, उतरवा आता, लाल होतोय, मागल्या बारीला तिनं तक्रार केली होती. ते कढईतच बघत म्हणले, "व्हऊ दे लाल. तिला कळाय पाहिजे कुणी भाजला ते."

सरूबाई